कर्ज दिलं, पण फरक पडला का?

सूक्ष्मकर्जाविषयीची कोणतीही माहितीपुस्तिका उघडा. पहिल्या-दुसऱ्या पानावर एक फोटो असतो. शिलाई मशीनपाशी किंवा म्हशीजवळ उभी असलेली एक बाई, आणि खाली चार ओळींत तिची हकीगत. कर्ज घेतलं, मशीन आणलं, हप्ते फेडले, आता मुलं शाळेत जातात. ही हकीगत बहुतेक वेळा खरीच असते. तरीही तिच्यावरून एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. हे कर्ज मिळालं नसतं तर या बाईचं काय झालं असतं?

शाळेत आपण दोन कुंड्यांचा प्रयोग करतो. एकीत खत घालतो, दुसरीत घालत नाही. माती, पाणी, ऊन मात्र दोन्हींना सारखं. दुसरी कुंडी नसती तर रोप वाढलं ते खतामुळे, पावसामुळे की मुळात बीच चांगलं होतं म्हणून, हे सांगता आलं नसतं. माणसांच्या बाबतीत ही दुसरी कुंडी आणायची कुठून? गेली तीसेक वर्षं जगभरचे अर्थशास्त्रज्ञ सूक्ष्मकर्जाबाबत नेमक्या याच प्रश्नाशी झगडत आहेत. त्यांना काय सापडलं आणि ते त्यांनी कसं शोधलं, हे आपण या लेखात पाहू. विषय आपल्यापासून दूरचा नाही. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया दर आठवड्याला किंवा महिन्याला असा हप्ता भरत असतात.

जोब्राचे बेचाळीस जण

१९७४ च्या दुष्काळानंतर बांगलादेशातल्या चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे मुहम्मद युनूस शेजारच्या जोब्रा गावात जाऊ लागले. तिथे बांबूचे स्टूल विणणाऱ्या बाया कच्च्या मालासाठी व्यापाऱ्याकडून उसने पैसे घेत, आणि त्या बदल्यात तयार माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाला विकत. दिवसभराच्या विणकामातून हाती उरत ते काही पैसे. १९७६ मध्ये युनूस यांनी गावातल्या अशा देणेकऱ्यांची यादी केली. बेचाळीस नावं निघाली. सगळ्यांची मिळून गरज ८५६ टका, म्हणजे तेव्हाचे सुमारे २७ डॉलर. ते त्यांनी खिशातून दिले. १९८३ मध्ये या कामातून ग्रामीण बँक उभी राहिली.

बँका गरिबाला कर्ज का देत नाहीत, याची कारणं बँकेच्या बाजूने पाहिली तर अगदी साधी आहेत. दहा हजारांच्या कर्जाला आणि दहा लाखांच्या कर्जाला कागदपत्रं, चौकशी, फेऱ्या जवळपास सारख्याच. गरिबाकडे तारण नसतं. आणि कोण प्रामाणिकपणे फेडेल, कोण बुडवेल, हे शहरातल्या मॅनेजरला कळायला मार्ग नसतो. गावात ते सगळ्यांना ठाऊक असतं. ग्रामीण बँकेने याचाच उपयोग केला. पाच-पाच जणींचे गट, तारण नाही, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांची पुढची कर्जं अडणार. दर आठवड्याला ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर वसुली. आणि कर्ज मुख्यतः बायकांना.

परतफेड उत्तम होत होती. मग ही पद्धत बोलिव्हियापासून फिलिपिन्सपर्यंत पसरली. १९९७ मध्ये वॉशिंग्टनला या विषयाची जागतिक परिषद झाली आणि जगातल्या दहा कोटी गरीब कुटुंबांपर्यंत पोहोचण्याचं उद्दिष्ट तिथे जाहीर झालं. २००६ मध्ये युनूस आणि ग्रामीण बँक यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कर्ज फेडलं जाणं आणि कर्जाने गरिबी कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावकाराचं कर्जही लोक फेडतातच. हप्ता वेळेवर आला यावरून फक्त संस्था तरली एवढंच कळतं. तो धंद्याच्या नफ्यातून आला, नवऱ्याच्या मजुरीतून आला की दुसरीकडून उसने घेऊन भरला, हे वसुलीच्या वहीत दिसत नाही.

हप्त्याचं गणित

पुढे जाण्याआधी पाटी-पेन्सिल घेऊ. हैदराबादच्या वस्त्यांत २००६ च्या सुमारास ‘स्पंदना’ नावाची संस्था पहिल्या वेळी दहा हजार रुपयांचं कर्ज देत असे. व्याज १२ टक्के, मुदत ५० आठवडे. मुद्दल १०,००० आणि व्याज १,२०० मिळून ११,२००, भागिले ५०. आठवड्याचा हप्ता २२४ रुपये. हिशोब सोपा आहे, आणि कर्ज घेणाऱ्या बाईला तो एका वाक्यात समजावता येतो.

आता हा दर खरोखर १२ टक्के आहे का ते पाहू. प्रत्येक हप्त्यात २०० रुपये मुद्दल परत जातं. पहिल्या आठवड्यात बाईकडे संस्थेचे १०,००० रुपये असतात, पंचविसाव्या आठवड्यात ५,२०० आणि शेवटच्या आठवड्यात फक्त २००. म्हणजे सरासरी तिच्याकडे असतात १०,००० अधिक २०० भागिले २, अर्थात ५,१०० रुपये. पण व्याज ती भरते पूर्ण दहा हजारांवरचं. ५,१०० वर १,२०० रुपये म्हणजे साडेतेवीस टक्के, तेही ५० आठवड्यांत. वर्षाचा दर काढला तर सुमारे २४ टक्के. घोषित दराच्या दुप्पट. शेवटच्या हप्त्यात तर उरलेल्या २०० रुपयांवर एका आठवड्यासाठी २४ रुपये व्याज पडतं! सातवी-आठवीतल्या मुलांना सरळव्याज शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणं कठीण. (पहिल्या दराला ‘फ्लॅट’ म्हणतात, दुसऱ्याला घटत्या शिल्लकेवरचा दर.)

चोवीस टक्के जास्त वाटतात, पण खेड्यातला सावकार शेकडा पाच मागतो तेव्हा तो महिन्याचा दर असतो. वर्षाचे साठ टक्के झाले. तुलनेत सूक्ष्मकर्ज स्वस्त. मग पुढचा प्रश्न असा की, एवढं व्याज देऊन वर काही उरेल इतकी कमाई एखाद्या लहानशा धंद्यातून होते का?

याचं उत्तर श्रीलंकेतून मिळालं. सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि क्रिस्तोफर वुड्रफ या तिघांनी २००४ च्या त्सुनामीनंतर सुमारे ४०० छोट्या धंदेवाल्यांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या काहींना १०,००० किंवा २०,००० श्रीलंकन रुपये बक्षीस दिले. कर्ज नाही, बक्षीस. म्हणजे भांडवल वाढल्याचा परिणाम तेवढा वेगळा दिसावा. वाढीव भांडवलावर महिन्याला सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास कमाई झाली. वर्षाचे साठ टक्के धरा. चोवीस टक्क्यांचं कर्ज यातून आरामात फिटेल.

पण त्यांनी पुरुष आणि बायका यांचे आकडे वेगळे काढले तेव्हा चित्र बदललं. बायकांच्या धंद्यांत वाढीव भांडवलावरची सरासरी कमाई शून्याच्या जवळपास होती. सूक्ष्मकर्ज तर मुख्यतः बायकांनाच दिलं जातं. मग बायकांना धंदा जमत नाही का? पुढे एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, श्रीलंका आणि घाना इथली माहिती पुन्हा तपासली. त्यांना दिसलं की, घरात नवऱ्याचा धंदा असेल तर बायकोच्या नावाने आलेला पैसा बऱ्याचदा तिकडे वळतो. ज्या घरात धंदा करणारी ती एकटीच असते, तिथे तिची कमाई पुरुषांपेक्षा कमी नसते. कर्ज एकीच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याच्या हातात, हे आपल्यालाही काही नवीन नाही.

अर्ध्या एकराचा नियम

आता दुसऱ्या कुंडीकडे येऊ. कर्ज घेणाऱ्या बाईची तुलना न घेणाऱ्या शेजारणीशी करून का चालत नाही? कारण कर्ज घ्यायला पुढे येणारी बाई मुळातच अधिक धडाडीची असू शकते. किंवा उलट, ती अधिक अडचणीत असू शकते. दोघींतला पुढचा फरक कर्जाचा की मूळच्या परिस्थितीचा, हे वेगळं करता येत नाही. संस्थाही शाखा उघडताना गाव निवडून घेते. बाजार, रस्ता, वर्दळ पाहते. त्यामुळे शाखा असलेलं गाव आणि नसलेलं गाव यांची तुलनाही फसवी ठरते.

मार्क पिट आणि शाहिदूर खांडकर यांनी यावर एक हुशार तोड काढली. १९९१-९२ मध्ये बांगलादेशातल्या ८७ गावांतल्या सुमारे १,८०० घरांची पाहणी झाली होती. तिथल्या तीन मोठ्या कर्जयोजनांचा नियम असा की, अर्ध्या एकराहून जास्त जमीन असलेल्याला कर्ज नाही. म्हणजे अर्ध्या एकराच्या जरा अलीकडचा आणि जरा पलीकडचा शेतकरी परिस्थितीने जवळजवळ सारखेच, पण एकाला कर्ज मिळणार, दुसऱ्याला नाही. नियमानेच दुसरी कुंडी तयार करून ठेवली! त्यांनी १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : बाईला दिलेल्या दर १०० टक्यांमागे घरखर्च वर्षाला १८ टक्क्यांनी नव्हे, १८ टक्यांनी, म्हणजे तेवढ्या रकमेने वाढतो, पुरुषाला दिलेल्या कर्जात ही वाढ ११ टक्यांची असते. हे दोन आकडे पुढे दहा वर्षं जगभरच्या अहवालांत आणि भाषणांत फिरत राहिले.

त्याच सुमारास जोनाथन मॉर्डक यांनी तीच माहिती घेऊन एक साधी गोष्ट तपासली. नियम खरोखर पाळला जात होता का? तर नव्हता. कर्जदारांमध्ये अर्ध्या एकराहून जास्त जमीन असणारे बरेच निघाले. कर्ज वाटणारा कार्यकर्ता माणूस पाहून कर्ज देत होता, मोजपट्टी घेऊन नाही. (तसं करण्यात त्याचं काही चुकलं असंही म्हणवत नाही.) पण नियमच पाळला गेला नसेल तर त्याच्यावर उभी केलेली तुलना डळमळते. पुढे डेव्हिड रूडमन आणि मॉर्डक यांनी सगळं गणित पुन्हा केलं. खूप जास्त खर्च असलेल्या मोजक्या घरांच्या नोंदी बाजूला ठेवल्या, तर १८ टक्यांचा परिणाम दिसेनासा होत होता. पिट यांनी याला उत्तर दिलं, त्यावर पुन्हा प्रत्युत्तर आलं. रूडमन आणि मॉर्डक यांचं म्हणणं कर्जाने काहीच होत नाही असं नव्हतं. या माहितीवरून होय की नाही ते सांगता येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या वस्त्या

मग उरला तो कुंड्यांचा प्रयोगच. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचल ग्लेनरस्टर आणि सिंथिया किनन यांनी तो हैदराबादला केला. स्पंदनाला तिथल्या १०४ गरीब वस्त्यांत काम करायचं होतं, पण सगळीकडे एकदम शाखा उघडणं शक्य नव्हतं. मग कुठे आधी जायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. ५२ वस्त्यांत २००६-०७ मध्ये शाखा निघाल्या, उरलेल्या ५२ वस्त्या तुलनेसाठी राहिल्या. माणसांवर प्रयोग करणं योग्य का, असा प्रश्न मनात येतो आणि तो विचारायलाच हवा. इथे मात्र कुणाला तरी थांबावं लागणारच होतं; थांबायचं कुणी, हे अधिकाऱ्याच्या मर्जीऐवजी चिठ्ठीने ठरलं.

५२ ही संख्या इथे महत्त्वाची. एका वस्तीत धडाडीचे लोक जास्त असतील, दुसरीत आजारपण जास्त असेल. पण चिठ्ठ्या टाकून पन्नासेक वस्त्या दोन्हीकडे गेल्या की हे फरक दोन्ही पारड्यांत साधारण सारखे पडतात. नाणं दहादा उडवलं तर सात वेळा छापा येऊ शकतो, हजारदा उडवलं तर सातशे वेळा येत नाही, तेच तत्त्व.

शाखा उघडल्यावर पंधरा ते अठरा महिन्यांनी सुमारे ६,८०० घरांची पाहणी झाली. पहिलं आश्चर्य असं की, शाखा असलेल्या वस्त्यांतही सूक्ष्मकर्ज घेतलेली घरं २७ टक्केच होती. तुलनेच्या वस्त्यांत ती १८ टक्के होती, कारण दुसऱ्या संस्था तिथे पोहोचल्या होत्या. दारात कर्ज येऊनही चारांतल्या जवळजवळ तिघांनी ते घेतलं नव्हतं. गरिबाला भांडवल तेवढं मिळत नाही, मिळालं की तो धंदा काढेल, हे गृहीतच इथे जरा हललं.

ज्यांचा आधीपासून धंदा होता त्यांनी त्यात जास्त पैसा घातला. नफ्याची सरासरी वाढली, पण ती वाढ मूठभर मोठ्या धंद्यांत होती. बहुतेकांचा नफा होता तसाच राहिला. लोकांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. पान-तंबाखू, दारू, जुगार, बाहेरचं खाणं यांवरचा खर्च कमी झाला. संशोधकांनी या खर्चाला ‘मोहाच्या वस्तू’ असं नाव दिलं आहे. दिवसभर हातगाडी ओढणाऱ्याने टपरीवर काही खाल्लं तर त्याला मोह म्हणावं का, हे ज्याने त्याने ठरवावं. महिन्याचा एकूण घरखर्च मात्र वाढला नाही. मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरातल्या निर्णयांत बाईचा शब्द यांत फरक दिसला नाही. आणखी दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं.

एका शहरावरून जगाविषयी बोलता येत नाही. पण असेच प्रयोग बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथेही झाले, आणि २०१५ मध्ये सहाही एकत्र प्रसिद्ध झाले. देश वेगळे, संस्था वेगळ्या, व्याजाचे दर तर फारच वेगळे. मेक्सिकोतला दर वर्षाला शंभर टक्क्यांच्या वर होता. निष्कर्ष मात्र एकमेकांच्या बरेच जवळ आले. धंद्यातली उलाढाल थोडीफार वाढते, गरिबी उल्लेखनीय प्रमाणात हटते असं कुठेच दिसत नाही, आणि सरसकट मोठं नुकसान होतं असंही दिसत नाही. पुढे रेचल मीगर यांनी फिलिपिन्सचा अभ्यास धरून सात प्रयोगांची माहिती एकत्र करून गणित केलं, तेव्हाही सरासरी परिणाम लहानच निघाला.

मोरोक्कोतली एक बाब मला विशेष वाटते. तिथल्या खेड्यांत कर्ज मिळाल्यावर लोकांनी जनावरं आणि शेतीत पैसा घातला, नफाही वाढला. पण त्याच वेळी त्यांनी बाहेर मजुरीला जाणं कमी केलं. इकडे वाढलं तेवढं तिकडे घटलं, आणि घरखर्च होता तिथेच राहिला. आकड्यांत शून्य. पण दुसऱ्याच्या बांधावर राबण्याऐवजी स्वतःच्या गोठ्यात राबायला मिळणं हे त्या माणसाला शून्य वाटत असेल का?

सरासरीच्या आड

वर्गाची सरासरी ५० टक्के आहे, एवढ्यावरून आपण वर्गाला ओळखत नाही. निम्मी मुलं ९० वर आणि निम्मी १० वर असतील तरी सरासरी ५०च. सूक्ष्मकर्जाच्या अभ्यासात पुढची पायरी हीच होती.

हैदराबादच्या संशोधकांनी कर्जदारांचे दोन भाग केले. शाखा येण्यापूर्वीच ज्यांचा धंदा होता ते एकीकडे, आणि कर्ज मिळतंय म्हणून ज्यांनी धंदा काढला ते दुसरीकडे. पहिल्या कर्जानंतर सहा वर्षांनीही पहिल्या भागातल्यांची प्रगती ठळक दिसत होती; मालमत्ता वाढलेली, उलाढाल वाढलेली. दुसऱ्या भागात जवळपास काहीच नव्हतं. कर्ज तेच आणि हप्ताही तोच होता. ज्याच्या हातात धंदा आधीच होता त्याला भांडवलाचीच वाण होती. दुसऱ्याची अडचण वेगळी होती, आणि ती पैशाने सुटणारी नव्हती.

कोलकात्यात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी हप्त्यालाच हात घातला. नेहमीच्या पद्धतीत कर्ज मिळाल्यावर दोन आठवड्यांत पहिला हप्ता सुरू होतो. आता विचार करा : शिलाई मशीन आणून, गिऱ्हाईक जमवून दोन आठवड्यांत पैसे सुटतील का? म्हणून बाया कर्जातलेच थोडे पैसे हप्त्यांसाठी बाजूला ठेवतात आणि लगेच पैसा फिरेल असा व्यवहार निवडतात. साड्या आणून विकणं, भाजी आणून विकणं. संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून काही गटांना दोन महिन्यांची सवलत दिली. त्या बायांनी धंद्यात जास्त पैसा घातला, आणि तीनेक वर्षांनी त्यांचा नफा इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. पण त्यांच्यात कर्ज थकण्याचं प्रमाणही वाढलं. जोखीम घ्यायला मुभा दिली की काही जणी पुढे जातात आणि काही बुडतात. संस्थेला पुढे जाणाऱ्यांच्या नफ्यात वाटा नसतो, बुडणाऱ्यांचा तोटा मात्र तिच्या माथी येतो. पहिल्या पंधरवड्यातच हप्ता सुरू करण्याची पद्धत का टिकून आहे, ते इथे कळतं.

गटाच्या जामिनकीबद्दलही असंच झालं. परतफेडीचं रहस्य ‘एकीसाठी सगळ्या’ यात आहे, असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. फिलिपिन्समध्ये एका बँकेच्या काही गटांची सामूहिक जबाबदारी काढून ती वैयक्तिक केली, आणि परतफेडीत फरक पडला नाही. ग्रामीण बँकेनेही २००१-०२ च्या सुमारास आपल्या नियमांतून सामूहिक जबाबदारी बाजूला सारली.

मग धंदा करायचा नसतो ते लोक कर्ज घेतात कशाला? याचं सर्वांत चांगलं उत्तर आकडेमोडीतून नाही, रोजनिशीतून मिळालं. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिका इथल्या अडीचशेहून अधिक गरीब घरांत संशोधक वर्षभर दर पंधरा दिवसांनी जात राहिले आणि आलेला-गेलेला प्रत्येक पैसा टिपत राहिले. २००९ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. रोजचं उत्पन्न दोन डॉलर असलेल्या घरात रोज दोन डॉलर येत नाहीत. आज पाच येतात, मग चार दिवस काही नाही. भूक मात्र रोज लागते, आणि आजारपण तारीख सांगून येत नाही. म्हणून ही माणसं सतत उसनं घेत आणि देत असतात. भिशी, शेजारीण, दुकानातली उधारी, पुढाऱ्याकडून उचल, आणि त्यातच गटाचं कर्ज. या हिशोबात कर्ज म्हणजे पुढच्या पन्नास आठवड्यांची बचत आज एकरकमी हातात मिळणं. त्याने गरिबी संपत नाही, पण फी भरली जाते, छप्पर शाकारलं जातं. संशोधनाच्या तक्त्यात ‘उत्पन्नवाढ’ या रकान्यात हे दिसणार नाही.

आंध्र, २०१०

आंध्र प्रदेशात सूक्ष्मकर्जाचा विस्तार देशात सर्वांत वेगाने झाला होता. एकाच बाईकडे तीन-चार संस्थांची कर्जं, एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचं कर्ज. ऑगस्ट २०१० मध्ये एसकेएस या मोठ्या कंपनीचे शेअर बाजारात आले. त्याच सुमारास वसुलीच्या जाचाच्या आणि कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला, आणि राज्यातली वसुली कोसळली. रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली, २०११ मध्ये तिचा अहवाल आला, आणि अशा कंपन्यांसाठी वेगळे नियम व व्याजाची मर्यादा ठरली.

या आपत्तीतून संशोधकांना एक दुसरी कुंडी मिळाली, तीही कुणी न मांडता. आंध्रात अडकलेल्या संस्थांना इतर राज्यांतलं कर्जवाटपही आखडतं घ्यावं लागलं. तिथल्या कर्जदारांनी काही बुडवलं नव्हतं. त्यांची संस्था आंध्रात अडकली होती एवढाच त्यांचा संबंध. एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन यांनी अशा जिल्ह्यांची तुलना इतर जिल्ह्यांशी केली. जिथे कर्ज आटलं तिथे मजुरीचे दर उतरले, आणि घरखर्चही घटला. मजुरी सगळ्यांचीच उतरते, कर्ज कधीही न घेतलेल्यांचीसुद्धा. पैसा आटला की छोटी बांधकामं, छोटे धंदे थांबतात, आणि त्यांच्यावर राबणाऱ्यांना काम मिळत नाही.

एका शहरातल्या वस्तीची शेजारच्या वस्तीशी तुलना करणाऱ्या प्रयोगात हा परिणाम पकडता येत नाही. दोन्ही वस्त्यांतले लोक एकाच बाजारात मजुरीला जातात; मजुरी वाढली किंवा उतरली तर दोन्हीकडे सारखीच. म्हणजे इथे दोन कुंड्यांचं पाणी आतून एकमेकांत झिरपत होतं. प्रयोग चुकीचा होता असं नाही, पण त्याने जो प्रश्न विचारला त्याचंच उत्तर दिलं.

कर्जापलीकडचे उपायही याच पद्धतीने तपासले गेले. अगदी तळाच्या कुटुंबांना कर्ज पेलवतच नाही, हे बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ संस्थेने ओळखलं आणि २००२ पासून त्यांच्यासाठी वेगळी योजना चालवली : फुकट शेळ्या किंवा गाय, काही महिने खाण्यापुरते पैसे, ती जनावरं सांभाळायचं शिक्षण, बचतीची सवय आणि दर आठवड्याला घरी येणारा कार्यकर्ता. सहा देशांत याचे प्रयोग झाले, त्यांतला एक पश्चिम बंगालमध्ये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, मदत थांबल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी उत्पन्न आणि खाणंपिणं सुधारलेलं दिसलं. अर्थात दर कुटुंबामागे खर्च बराच येतो, आणि तो परत मिळत नाही. केनियातल्या एका प्रयोगात बाजारात बसणाऱ्या विक्रेत्या बायांना कर्ज न देता नुसतं बचत खातं उघडून दिलं, तर त्यांची धंद्यातली गुंतवणूक वाढली. आपल्याकडच्या बचत गटांची रीत याच्या जवळची आहे. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांना जोडून सुरुवात केली ती आधी बचत, मग आपसांत कर्ज, मग बँकेचं कर्ज अशा क्रमाने. बोलताना आपण बचत गट आणि सूक्ष्मवित्त कंपनीचा गट या दोन्हींना ‘गट’च म्हणतो, पण पहिल्यात पैसा सदस्यांचा असतो आणि व्याजही त्यांच्याकडेच परत येतं.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून व्याजाची मर्यादा काढली. त्याऐवजी वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत, असा नियम आला. तरी २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला जाचाच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला.

याच २०२२ च्या नियमांनुसार प्रत्येक कर्जदाराला तिला समजेल अशा भाषेत कर्जकार्ड आणि वार्षिक दर दाखवणारा तक्ता द्यावा लागतो. वर्गात हा विषय घ्यायचा तर हे साधन चांगलं आहे. मात्र मुलांना घरचं कार्ड आणायला सांगू नये. घरातलं देणं चारचौघांत उघडं पडणं कुणालाच आवडत नाही. फळ्यावर एक काल्पनिक कार्ड काढावं : कर्ज २०,०००, दर आठवड्याला ४४८ रुपये, ५० हप्ते. मुलांना वर्षाचा खरा दर काढू द्यावा. मग पहिला हप्ता दोन महिन्यांनी सुरू झाला, पण हप्त्याची रक्कम आणि हप्त्यांची संख्या तीच राहिली, तर हा दर वाढेल की कमी होईल, ते विचारावं.